विद्यारंभाचे वाक्प्रचार : समानार्थी याद्यांची एक चिकित्सा

इंग्रजी वाक्प्रचारांसमोर मराठी वाक्प्रचार मांडून तयार केलेल्या याद्या आपल्या शालेय मार्गदर्शिकांत दीर्घकाळ रूढ आहेत. डाव्या रकान्यात इंग्रजी, उजव्या रकान्यात मराठी आणि दोहोंमध्ये बरोबरीचे चिन्ह, अशी त्यांची ठरावीक रचना असते. परीक्षार्थीला त्यांचा उपयोग होतो, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्या बरोबरीच्या चिन्हाची परीक्षा फारशी कोणी केलेली दिसत नाही. ती करण्यास शाळा व अध्ययन या विषयावरील वाक्प्रचार विशेष सोयीचे आहेत. कारण शिकविण्याची जुनी पद्धती लोपली, तरी तिची आठवण या प्रयोगांत टिकून राहिलेली असते.

प्रथम विद्यारंभाचाच प्रयोग घेऊ. ‘एबीसी’ म्हणजे ‘श्रीगणेशा’, असे समीकरण नेहमी दिले जाते. वस्तुतः एखाद्या विषयाची ‘एबीसी’ म्हणजे त्या विषयातील प्राथमिक ज्ञान होय. ‘श्रीगणेशा करणे’ ही मुख्यत्वे आरंभाची क्रिया आहे. पहिल्यात आशय आहे, दुसऱ्यात कृती आहे. इंग्रजी प्रयोगाशी खऱ्या अर्थाने जुळणारा मराठी प्रयोग ‘ग म भ न’ हा होय. वळणास सोपी अक्षरे आधी शिकविण्याच्या पद्धतीतून तो आला आहे. ‘ओनामा’ हा शब्द या दोहोंच्या मधला. त्याचे मूळ ‘ॐ नमः सिद्धम्’ या वंदनात आहे आणि ही परंपरा फार जुनी आहे. सातव्या शतकात भारतात आलेल्या इत्सिंग या चिनी प्रवाशाने मुलांच्या पहिल्या पाठास ‘सिद्धम्’ हे नाव असल्याची नोंद केलेली आहे. नमनाचे शब्द पुढे वर्णमालेचे नाव बनले आणि वर्णमालेचे नाव कोणत्याही कार्याच्या आरंभाचे. हा सर्व अर्थविस्तार यादीतील एका ओळीत लुप्त होतो.

दुसरे उदाहरण पाठांतराचे. इंग्रज ‘हृदयाने’ शिकतो. मराठी मनुष्याचे शिकणे ‘तोंडपाठ’, ‘मुखोद्गत’ किंवा ‘कंठस्थ’ होते. स्मरणाचे स्थान एका भाषेने अंतःकरणात मानले, दुसरीने वाणीच्या इंद्रियात. पंतोजींच्या शाळेतील अध्ययन प्रामुख्याने मोठ्याने म्हणण्याचे होते. पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, औटकी ही अपूर्णांकांची कोष्टके मुले एका सुरात म्हणत आणि तिन्हीसांजेला घरी परवचा होई. त्यातूनच तक्रारींचा ‘पाढा वाचणे’ आणि ‘पहिले पाढे पंचावन्न’ हे प्रयोग आले. यांपैकी दुसऱ्यासमोर याद्यांत ‘बॅक टू स्क्वेअर वन’ लिहिले जाते. अर्थ जवळपास जुळतो. परंतु त्या इंग्रजी प्रयोगाचा शाळेशी काही संबंध नाही. शिकविलेले वाया गेल्याची मराठी प्रयोगातील खंत तेथे उरत नाही.

‘कित्ता गिरवणे’ या प्रयोगाची गोष्ट याहून उद्बोधक आहे. ‘कित्ता’ हा शब्द अरबी ‘कितआ’पासून फारसीच्या द्वारे आला, सुलेखनाचा नमुना हा त्याचा एक अर्थ. मराठीत थोरांचा कित्ता गिरवणे ही प्रशंसा ठरली. इंग्रजीतही ‘कॉपीबुक’ हे विशेषण आदर्श या अर्थाने येते. मात्र वाक्प्रचार म्हणून रुजला, तो त्या वहीवर शाईचा डाग पाडण्याचा, म्हणजे लौकिकास उणेपणा आणण्याचा. वस्तू एकच, पण एका भाषेचे लक्ष वळणाकडे गेले, दुसरीचे डागाकडे.

व्युत्पत्तीच्या क्षेत्रातही सावधगिरी हवी. मंदबुद्धी विद्यार्थ्यास ‘ढ’ का म्हणतात? ब्राह्मीपासून आजवर ‘ढ’ या अक्षराचे रूप फारसे बदलले नाही, म्हणून न सुधारणारा तो ‘ढ’, असे चातुर्यपूर्ण उत्तर दिले जाते. इंग्रजीतील ‘डन्स’ हा शब्द डन्स स्कॉटस या मध्ययुगीन पंडिताच्या नावावरून आला. त्याच्या अनुयायांनी नव्या विद्येस विरोध केला म्हणून. त्याच्याशी हे उत्तर छान जुळते आणि म्हणूनच ते मोह पाडते. परंतु ब्राह्मीचे वाचन प्रिन्सेपने पूर्ण केले ते 1837 साली. त्यापूर्वी तिचे ज्ञान लोकांत नव्हते आणि त्यानंतरही ते पंडितांपुरतेच राहिले. शाळकरी मुलांनी ते ध्यानी धरून सवंगड्यास नाव ठेवले असेल, हे संभवत नाही. ‘ढिम्म’, ‘ढब्बू’, ‘ढिला’, ‘ढोबळ’ या शब्दांतील जडतेचा ध्वनी येथे अधिक जवळचा वाटतो.

आता भिवंडीकडे वळू. यंत्रमागाच्या व्यवसायामुळे या नगरात मराठी भाषकांच्या शेजारी उत्तर भारतातून आलेली उर्दूभाषक कुटुंबे आणि तेलंगणातून आलेली पद्मशाली विणकरांची कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत. उर्दूभाषक कार्याची ‘बिस्मिल्ला’ करतो. अनेक मुस्लिम घरांत मुलाच्या विद्यारंभाच्या विधीचेही तेच नाव आहे. तेलुगू भाषक मुळाक्षरांना ‘ओनमालु’ म्हणतो आणि तोही नमनाचाच अवशेष आहे. मराठीत ‘ओ की ठो’ कळत नाही. उर्दूत ‘अलिफच्या नावे बे’ कळत नाही. अर्थात इंग्रजीच्या तुलनेत हे तीन भाषासमूह विद्यारंभाच्या कल्पनेत परस्परांच्या अधिक निकट आहेत. द्विस्तंभी यादीला हे दिसत नाही. कारण तिला इंग्रजी आणि मराठी यांखेरीज तिसरी भाषाच ठाऊक नाही.

याच दृष्टीने ‘धडा शिकवणे’ हा प्रयोग केवळ इंग्रजीचा अनुवाद आहे, हा निर्णयही घाईचा ठरतो. उर्दू-हिंदीत ‘सबक सिखाना’ आहेच. तेव्हा केवळ साम्यावरून उसनवारी सिद्ध होत नाही. जुन्या लेखनातील आधार मिळेपर्यंत निर्णय राखून ठेवणेच शास्त्रशुद्ध होय. दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोशा’ने (1942, 1947) संग्रहाचे मोठे कार्य केले, त्या संग्रहाला शेजारभाषांशी तुलनेची जोड देणे हे पुढील पिढीचे काम आहे.

हा प्रश्न केवळ कोशकारांचा नाही. भिवंडीतील एखाद्या विद्यार्थ्याने ‘श्रीगणेशा करणे’ याचा अर्थ सांगताना ‘बिस्मिल्ला करणे’ असे लिहिले, तर यादी प्रमाण मानणारा परीक्षक ते चूक ठरवील. भाषादृष्ट्या मात्र त्या विद्यार्थ्याने प्रयोगाचे मर्म अचूक ओळखलेले असते. ज्या अध्यापनपद्धतीत असे उत्तर चूक ठरते, तिच्यातच दोष आहे. वाक्प्रचार शिकवावयाचे ते त्यांच्यामागील वस्तू, कृती आणि विधी यांसह. बरोबरीचे चिन्ह शेवटी, आणि तेही जपून वापरावे.