सातबारा: हिस्सा कोणाच्या ओळीत?

आज सातबाऱ्याची समीक्षा करू या. तळेघरला काय किंवा जुन्नरला काय, माणसं हा मजकूर कुठल्याही कवितेपेक्षा काळजीनं वाचतात.

मूळ प्रश्न बघा. एका गटाचे अनेक खातेदार असतात आणि एका खातेदाराचे अनेक गट. डेटाबेसवाले याला मेनी-टू-मेनी म्हणतात. आपल्या दप्तरानं त्यासाठी दोन वाटा ठेवल्या. सातबारा सांगतो, ही जमीन कोणाची. आठ-अ सांगतो, या खात्याची जमीन कुठं कुठं. सगळं दप्तर न चाळता दोन्ही बाजूंनी उत्तर मिळतं. कॉम्प्युटर येण्याआधीची ही सोय आहे, तिला दाद द्यायलाच हवी.

अडचण पुढं आहे. हिस्सा हा कोणाचा गुण? एकट्या माणसाचा नाही, एकट्या जमिनीचाही नाही; तो त्या जोडीचा. नैयायिक संयोग हा दोन्ही द्रव्यांत राहणारा, पण दोन्हींहून वेगळा गुण मानतात, तसंच हे. १९७० साली एडगर कॉडनं माहिती तक्त्यांत मांडायची जी रीत सांगितली, तिच्यात अशा नात्याला स्वतःचा तक्ता देता येतो. एक माणूस, एक गट, त्याचा हिस्सा, हक्काचा प्रकार, फेरफार क्रमांक: ही झाली एक ओळ.

सातबाऱ्यावर मात्र पुष्कळदा नावं एकाखाली एक आणि शेवटी 'सामाईक क्षेत्र'. कोणाचं किती, कळत नाही. 'ए.कु.मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, ही जुनी नोंद त्याहून वाईट. खाणारी तोंडं दहा, नाव एकट्या थोरल्याचं. आणि बहीण? कित्येक उताऱ्यांवर ती 'इतर हक्कात', सोसायटीच्या बोज्याशेजारी.

आता उतारा ऑनलाइन मिळतो, त्यावर डिजिटल सही असते. चांगलंच झालं. पण समजा विचारलं, या गावात किती बहिणींची नावं इतर हक्कात आहेत? नोंद नुसत्या वाक्यात असेल, तर एकेक उतारा वाचत बसावं लागेल. कागद स्क्रीनवर आला, एवढंच.

कोणी म्हणेल, सर, हा तांत्रिक मुद्दा झाला. मला तसं वाटत नाही. कायदा कोणाला किती देतो, हा वेगळा वाद. आदिवासी कुटुंबांच्या वारसाहक्काचा तर आणखी वेगळा. पण तो वाद घालायलासुद्धा माणूस आधी दप्तरात दिसावा लागतो. म्हणून प्रत्येक हक्कदाराला स्वतःची ओळ द्या आणि त्या ओळीत हिस्सा लिहा. हिस्सा ठरला नसेल, तर 'ठरलेला नाही' असं लिहा.