नकाशातला निळा रंग कितपत खरा?

अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण विभागाने १८८४ ते २००६ या काळात काढलेले स्थलदर्शक नकाशे आता इंटरनेटवर विनामूल्य पाहता येतात. भूगोल शिक्षकांसाठी हा मोठाच ठेवा आहे. त्यातील आग्नेय ऑरेगनच्या नकाशांचे गुणदोष येथे पाहू. हा प्रदेश म्हणजे उंचावरचे वाळवंट. वस्ती अगदी विरळ आणि उपजीविका मुख्यतः गुरांच्या कुरणांवर.

भूरूपे दाखवण्यात हे नकाशे उत्तम आहेत. स्टीन्स पर्वताचेच उदाहरण घ्या. त्याच्या पश्चिम उतारावर समोच्चरेषा दूर दूर आहेत. पूर्वेकडे त्या एकमेकींना खेटतात. माथा सुमारे २९६७ मीटर उंच आणि पूर्वेला दीड किलोमीटरहून अधिक खाली आल्व्हर्ड वाळवंट. एका बाजूने उचलला गेलेला हा गट पर्वत आहे, हे विद्यार्थ्याला चित्राशिवाय, केवळ रेषांवरून ओळखता येते.

पाण्याच्या बाबतीत मात्र या नकाशांवर तेवढे विसंबता येत नाही. जवळचे मॅल्हिअर सरोवर १९३४ च्या दुष्काळात जवळजवळ आटले होते. तेच सरोवर १९८० नंतरच्या ओल्या वर्षांत शेजारच्या हार्नी सरोवराला जाऊन मिळाले आणि कुरणे पाण्याखाली गेली. मग काठ कोणता काढायचा? नकाशाच्या सूचीत पाण्याचे बारमाही, हंगामी असे ठरावीक भेद असतात. वर्षावर्षातली ही तफावत त्यांत बसत नाही. गुरे पाळणाऱ्याला तर नेमकी तीच माहिती हवी असते.

हा प्रश्न केवळ रेखाटनाचा नाही. या सरोवरांच्या तळाची जमीन कोणाची, हा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. हे पाणी नौकानयनास योग्य नाही, म्हणून जमीन राज्याची नसून केंद्राची, असा निकाल १९३५ साली लागला.

दोष सर्वेक्षकांच्या कौशल्याचा नाही. बदलत्या पाण्याला एकच काठ देण्याच्या पद्धतीचा आहे. त्यामुळे नकाशा शिकवताना समासातील सर्वेक्षणाचे किंवा हवाई छायाचित्रांचे वर्ष आधी वाचून घ्यावे. आपल्याकडील भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशांत कोरडे ओढे काळ्या रेषेने दाखवतात. विद्यार्थ्यांनी गावचा ओढा जूनच्या आरंभी व सप्टेंबरात पाहावा आणि नकाशाशी ताडून पाहावा. नकाशा किती सांगतो, हे त्यांना आपोआप कळेल.