लेक्सिंग्टनची पहाट : पुनरभिनय आणि साक्षीचे दोन थर

'पुनरभिनय' ही संकल्पना इतिहासमीमांसेत प्रतिष्ठित झाली ती आर. जी. कॉलिंगवुड यांच्या मरणोत्तर प्रकाशित झालेल्या 'द आयडिया ऑफ हिस्टरी' (१९४६) या ग्रंथामुळे. कॉलिंगवुड यांच्या मते भूतकालीन व्यक्तीने केलेला विचार इतिहासकार आपल्या मनात पुन्हा करतो, आणि तो करीत असतानाच त्याची चिकित्साही करतो. या क्रियेत पोशाखाला, बंदुकीला वा रणवाद्याला स्थान नाही. अमेरिकेतील मॅसेच्युसेट्‌स राज्याच्या लेक्सिंग्टन गावात मात्र हा शब्द अगदी शारीर अर्थाने घेतला जातो. तेथील 'लेक्सिंग्टन मिनिट मेन' ही स्वयंसेवकांची संस्था दरवर्षी एप्रिलमध्ये, 'पेट्रियट्‌स डे'च्या भल्या पहाटे, गावच्या हिरवळीवर १९ एप्रिल १७७५ ची चकमक पुन्हा घडवते. २०२५ साली त्या घटनेला अडीचशे वर्षे पूर्ण झाली. या प्रयोगाकडे हौशी मंडळींचा उत्सव म्हणून पाहण्याचा प्रघात आहे. प्रस्तुत निबंधात त्याचा विचार एक संहिता म्हणून करावयाचा आहे.

मूळ घटना थोडक्यात अशी. कॉनकॉर्ड येथील शस्त्रसाठा जप्त करण्यासाठी बोस्टनहून निघालेल्या ब्रिटिश फौजेची आघाडी पहाटे लेक्सिंग्टनला पोहोचली, तेव्हा कॅप्टन जॉन पार्कर यांच्या हाताखालील सुमारे ७७ गावकरी हिरवळीवर उभे होते. मेजर पिटकेर्न यांनी त्यांना पांगण्याचा हुकूम केला. कोठून तरी एक बार उडाला, त्यामागोमाग ब्रिटिशांच्या फैरी झडल्या आणि आठ गावकरी मारले गेले. या गावकऱ्यांच्या तुकडीला 'शिबंदी' म्हणण्याचा मोह मराठी लेखकाला होतो, पण शिबंदी पगारी असे. येथे वयात आलेल्या पुरुषांवर कवायतीचे बंधन होते. गंमत अशी, की काटेकोर अर्थाने पार्करची तुकडी 'मिनिट मेन' नव्हतीच. ती गावची जुन्या वळणाची कवायती तुकडी होती. संस्थेचे नावच उत्तरकालीन आख्यायिकेतून आलेले आहे, आणि ही बाब पुढील विवेचनास उपकारक आहे.

संस्थेतील प्रत्येक सभासद पार्करच्या तुकडीतील एका विशिष्ट व्यक्तीची भूमिका करतो आणि त्या व्यक्तीचे चरित्र धुंडाळतो. ब्रिटिश बाजूही दहाव्या पायदळ पलटणीच्या नावाने स्वयंसेवकच सांभाळतात. प्रयोगाला आधार आहे तो प्रत्यक्षदर्शींच्या शपथपत्रांचा. पण ही शपथपत्रे दोन काळांतील आहेत आणि त्यांचे हेतू परस्परविरोधी आहेत, हे ध्यानात घेतल्यावाचून प्रयोगातील खरी अडचण उमगत नाही.

पहिला थर १७७५ चा. चकमकीनंतर आठवडा उलटण्यापूर्वीच शपथपत्रे घेण्यात आली आणि कॅप्टन जॉन डर्बी यांच्या 'क्वेरो' या जहाजातून इंग्लंडला रवाना झाली. जनरल गेज यांचा अधिकृत अहवाल लंडनला पोहोचण्यापूर्वी ती तेथे पोहोचली. त्यांचा वाचक ब्रिटिश जनता हा होता, आणि त्या वाचकासमोर गावकऱ्यांना निरपराध ठरवावयाचे होते. म्हणून पार्कर सांगतात, की आपण माणसांना पांगण्याचा व गोळी न झाडण्याचा हुकूम दिला. ३४ जणांच्या संयुक्त शपथपत्रात पाठ फिरवलेली असताना गोळीबार झाला असे येते. प्रतिकाराचा उल्लेख जवळजवळ नाही. एमॉस डूलिटल यांच्या त्याच वर्षीच्या ताम्रमुद्रित चित्रातही गावकरी पांगतानाच दिसतात.

दुसरा थर अर्धशतकानंतरचा. १८२४ साली लाफायेत यांच्या स्वागतप्रसंगी कॉनकॉर्डच्या वक्त्याने पहिल्या सशस्त्र प्रतिकाराचा मान आपल्या गावाकडे घेतला आणि लेक्सिंग्टनकर दुखावले. परिणामी इलायस फिनी यांनी हयात वृद्धांची नवी शपथपत्रे मिळवून १८२५ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले. आता त्याच माणसांना आपण उलट गोळ्या झाडल्याचे आठवू लागले. ते खोटे बोलत होते असे म्हणण्याचे कारण नाही. १७७५ मध्ये जे सांगणे गैरसोयीचे होते ते १८२४ मध्ये सांगणे भूषणावह ठरले, इतकेच. हेन्री सँडहॅम यांच्या १८८६ च्या तैलचित्रात तर पांगणे मागे पडून प्रतिकार पुढे आला आहे. बळी ते वीर हे स्थित्यंतर बखरवाङ्मयाच्या अभ्यासकाला अपरिचित वाटणार नाही.

ग्रंथात हे दोन थर शेजारी शेजारी ठेवता येतात. प्रयोगात ते शक्य नाही. हिरवळीवरच्या माणसाला एक तर चाप ओढावा लागतो किंवा ओढता येत नाही. लेक्सिंग्टनचा प्रयोग येथे जी निवड करतो ती माझ्या मते त्याच्या टीकाकारांनी दिलेल्या श्रेयापेक्षा अधिक श्रेयास पात्र आहे. बहुतेक गावकरी पांगतात, पांगत असताना पडतात, आणि मोजकेच उलट गोळी झाडतात. सँडहॅमचे चित्र अधिक नाट्यपूर्ण असूनही संस्थेने ते अनुसरलेले नाही. पहिला बार कोणाचा, हेही प्रेक्षकाला कळत नाही. ब्रिटिशांच्या बाजूचा लेफ्टनंट एडवर्ड गूल्ड हा कैदेत असताना शपथेवर एवढेच सांगतो, की कोणी आधी गोळी झाडली ते आपल्याला नेमके सांगता येत नाही. साऱ्या दप्तरात ही एकच साक्ष कोणाच्याही उपयोगाची नव्हती. प्रयोग तिच्याशी सर्वाधिक प्रामाणिक राहतो, ही बाब मला महत्त्वाची वाटते.

जेथे तो घसरतो ते स्थळ म्हणजे पार्करचे प्रसिद्ध वाक्य. जागचे हलू नका, आधी गोळी झाडू नका, पण त्यांना युद्धच हवे असेल तर ते येथेच सुरू होऊ द्या, अशा आशयाचे हे वाक्य हिरवळीवरील शिळेवर कोरलेले आहे. पार्करच्या स्वतःच्या शपथपत्रात त्याचा मागमूस नाही. पार्कर सप्टेंबर १७७५ मध्येच क्षयाने वारले. वाक्य प्रचलित झाले ते पुढच्या पिढ्यांच्या आठवणींतून, विशेषतः त्यांचे नातू, दास्यविमोचनवादी धर्मोपदेशक थिओडोर पार्कर यांच्याद्वारे. गणवेशाच्या गुंडीबाबत पुरावा मागणारी ही परंपरा शब्दांबाबत इतकी उदार का व्हावी? मला वाटते, प्रयोगाला नायक हवा असतो आणि शपथपत्रे तो पुरवीत नाहीत.

रिचर्ड शेकनर यांनी 'बिटवीन थिएटर अँड अँथ्रोपॉलॉजी' (१९८५) मध्ये अमेरिकेतील प्लिमथ येथील पुनर्रचित वसाहत आणि रामनगरची रामलीला यांना एकाच ग्रंथात आणले. मूळ प्रसंगापासून सुटे झालेले वर्तन पुन्हा मांडता येते, ही त्यांची मांडणी दोन्हींना लागू पडते खरी. पण भेद त्यात काहीसा बुजतो. रामनगरात मानसाच्या पाठाविषयी वाद नसतो आणि 'स्वरूप' झालेला मुलगा तेवढ्या काळापुरता पूज्य असतो. लेक्सिंग्टनमध्ये पडलेला माणूस शेजारीच राहतो आणि थोड्या वेळाने उठून न्याहारीला जातो. तेथे श्रद्धेची जागा पुराव्याने घ्यावी लागते, आणि पुरावा कमी पडला की ती जागा रिकामी दिसते.

अशी रिकामी जागा सर्वांत ठळक दिसते ती प्रिन्स एस्टाब्रुक यांच्या भूमिकेत. पार्करच्या रांगेत उभा असलेला हा कृष्णवर्णीय गुलाम त्या सकाळी जखमी झाला. जखमींच्या यादीत त्याचे नाव वर्णाच्या उल्लेखासह आले. कोरेगाव भीमाच्या स्तंभावरील 'नाक'प्रत्ययान्त नावे वाचणाऱ्या मराठी अभ्यासकाला ही नोंद ओळखीची वाटेल : दुसऱ्याच्या युद्धात लढलेल्याची जात वा वर्ण दप्तर नेमकेपणाने जपते, हेतू जपत नाही. फरक असा, की कोरेगावला लढाई पुन्हा लढली जात नाही, तेथे अभिवादन केले जाते. डॉ. आंबेडकर १ जानेवारी १९२७ रोजी तेथे गेले तेही त्यासाठीच. लेक्सिंग्टनमध्ये मात्र कोणाला तरी एस्टाब्रुक होऊन उभे राहावे लागते. स्वातंत्र्यासाठी उभ्या राहिलेल्या रांगेत मालकीच्या माणसाने कोणत्या मुद्रेने उभे राहावे, हे त्या नटाला कोणतेही शपथपत्र सांगत नाही. तरीही तो उभा असतो, आणि प्रेक्षकाला तो दिसतो. डायाना टेलर यांनी दप्तर आणि देहस्मृती यांत केलेला भेद (२००३) येथे उलट्या बाजूने प्रत्ययास येतो. देहाजवळ वारशाने आलेली स्मृती नाही, केवळ जागा आहे.

एस्टाब्रुक पुढे युद्धात लढले आणि मुक्त झाले. त्यांच्या स्मरणार्थ लेक्सिंग्टनमध्ये शिळा बसली ती २००८ साली. १७७५ च्या शपथपत्रांत त्यांची साक्ष नाही. त्यांचा मृत्यू १८३० च्या सुमारास, त्याच राज्यातील अ‍ॅशबी गावी झाला. फिनी वृद्धांच्या साक्षी जमवीत होते तेव्हा ते हयात होते. त्या दहा साक्षींतही त्यांची साक्ष नाही.