एको जरा कमी करा

भाईंदर पश्चिमेच्या एका सोसायटीत दर गुरुवारी रात्री आठ ते दहा भजन असतं. जागा म्हणजे इमारतीखालचं स्टिल्ट पार्किंग. चार गाड्या बाहेर काढायच्या, सतरंज्या अंथरायच्या, खांबाला दत्ताची तसबीर टेकवायची. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा गायकांच्या पाठीमागे प्लास्टिकच्या खुर्चीवर चाकांचा ट्रॉली स्पीकर ठेवला होता, दिवे लुकलुकणारा. रूपाचा अभंग सुरू झाला आणि दुसऱ्याच चरणाला माइकने शिट्टी मारली. कुणीतरी व्हॉल्यूम कमी केला, तसा पेटीचा आवाज गेला. पुन्हा वाढवला, पुन्हा शिट्टी. शिवाय एकोचं बटण पार टोकाला फिरवलेलं. विठ्ठलाचं नाव तीनदा ऐकू येत होतं आणि त्यापुढचा एकही शब्द कळत नव्हता.

समोरच्या रांगेतले एक निवृत्त गृहस्थ उठले. त्यांनी स्पीकर उचलून गायकांच्या पुढे, एका बाजूला, स्टुलावर छातीच्या उंचीला ठेवला आणि त्याचं तोंड श्रोत्यांकडे केलं. पखवाजासमोरचा माइक काढून टाकला. मग गाणाऱ्या ताईंना म्हणाले, "ताई, एको जरा कमी करा. पार्किंगलाच एवढा एको आहे, वेगळा कशाला हवा?" पुढचा अभंग शेवटच्या खांबापर्यंत शब्दन् शब्द पोचला, आणि व्हॉल्यूम आधीपेक्षा कमी होता.

त्या दोन मिनिटांत जे घडलं, ते आपल्या शहरातल्या बहुतेक कार्यक्रमांत घडत नाही, आणि मला त्याबद्दलच लिहायचं आहे. मीरा-भाईंदरमध्ये गाणं-वाजवणं भरपूर चालतं. सोसायट्यांची भजनी मंडळं, ज्येष्ठ नागरिकांचे कराओके गट, हळदीतल्या बेंजो पार्ट्या, उत्तनच्या किनाऱ्यावरचे ब्रास बँड, कॅफेत गिटार घेऊन बसणारी मुलं. 2022 साली दहिसर चेक नाक्याजवळ लता मंगेशकरांच्या नावाचं नाट्यगृह झालं, ही मोठीच सोय. पण शहरातलं बरंचसं गाणं नाट्यगृहात होतच नाही. ते पार्किंगमध्ये, गच्चीवर, मंडपात आणि रस्त्यावर होतं, आणि आता त्यातल्या बहुतेक ठिकाणी बॅटरीवर चालणारा एक खोका असतो. या खोक्यामुळे आवाजाची सूत्रं साउंडवाल्याच्या हातून कलाकाराच्या हाती आली. कलाकाराने मात्र ती अजून मनापासून हातात घेतलेली नाहीत.

खोके दोन जातींचे आहेत. पहिला आपला ट्रॉली स्पीकर. त्यावर हजारो वॅटचे आकडे छापलेले असतात, ते पीएमपीओचे. क्षणभराच्या कमाल ताकदीचा तो फुगवलेला हिशेब. सलग गाण्याला उपयोगी पडणारी आरएमएस ताकद त्याच्या लहानशा अंशाएवढी असते. हा खोका पार्टीच्या गाण्यांसाठी बनवलेला असतो, त्यामुळे खर्ज फुगलेला आणि मधला पट्टा पोकळ. माणसाच्या शब्दांची स्पष्टता नेमकी त्या मधल्या आणि वरच्या पट्ट्यात असते. दुसरी जात अकूस्टिक अँप्लिफायरची. रोलँडचा एसी-33 आठ पेन्सिल सेलवर चालतो आणि त्याची ताकद फार तर तीस वॅट आहे. बोसचा एस-वन प्रो, जेबीएलचा ईऑन वन कॉम्पॅक्ट हेही याच वाटेवरचे. इलेक्ट्रिक गिटारचा अँप्लिफायर आवाजाला स्वतःचा रंग देतो, आणि त्याच्याकडून ते अपेक्षितही असतं. अकूस्टिकवाल्याचं काम आवाज आहे तसा पुढे नेणं. माइकला वेगळी वाट, वाद्याच्या पिकअपला वेगळी वाट, आणि काहींत शिट्टी मारणारा तेवढा एकच स्वर कापण्याची सोय. किंमत अनेकपट, म्हणून मंडळं त्याच्या वाटेला जात नाहीत, हे मला समजतं. पण त्या गुरुवारी सुधारणा झाली ती जुन्याच ट्रॉली स्पीकरवर, एक रुपयाही खर्च न करता.

शिट्टीचं कारण साधं आहे. स्पीकरमधून निघालेला आवाज माइकमध्ये शिरतो, पुन्हा वाढून बाहेर पडतो, पुन्हा शिरतो. ज्या स्वराला जागेची साथ मिळते तो या फेऱ्यांमध्ये बेफाम वाढतो. स्पीकर पाठीमागे असला की त्याचं तोंड थेट माइकच्या तोंडासमोर येतं. अंतराचं गणितही लक्षात ठेवण्याजोगं आहे: मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की साध्या स्पीकरचा आवाज सहा डेसिबलने उतरतो. एका मीटरवर 90 असेल तर दोनवर 84, चारवर 78, आठवर 72. म्हणजे मागच्या रांगेसाठी आवाज वाढवला की पुढच्या रांगेचे कान फाटतात. उभ्या खांबासारख्या स्पीकरमध्ये ही उतरण जवळच्या टप्प्यात साधारण तीन डेसिबलवर येते, म्हणून तो छोट्या सभेला मानवतो. स्टिल्टमध्ये मात्र स्लॅब, खांब आणि फरशी आवाज परत फेकत राहतात. तिथे आवाज कमी पडत नाही, तो गढूळ होतो. आणि पखवाजाला अशा जागेत माइक लागतच नाही.

आपल्या गाण्याच्या इतिहासात माइकने केवढा फरक केला आहे! 8 जुलै 1921 रोजी मुंबईत केशवराव भोसले आणि बालगंधर्वांनी संयुक्त मानापमान केलं, तेव्हा शेवटच्या प्रेक्षकापर्यंत पोचायला गळ्याशिवाय काही नव्हतं. पुढे माइक आला आणि कानाशी बोलल्यासारखं गाता येऊ लागलं. गजानन वाटव्यांचं भावगीत चौकातल्या गर्दीत रुजलं, ते माइकपुढे हळुवार गाता येत होतं म्हणून. माइकवर श्वास कुठे आणि कसा घ्यायचा हे अनिल विश्वासांनी शिकवलं, असं लताबाई कृतज्ञतेने सांगत. त्या पिढीने माइकचा रियाज केला. आपल्याकडची मंडळं पेटीचा सूर तपासतात, पखवाजाला कणीक लावतात, टाळांचे जोड निवडून घेतात. खोका मात्र कार्यक्रमाच्या पाच मिनिटं आधी चालू होतो आणि त्याची बटणं सोसायटीतल्या एखाद्या उत्साही मुलाकडे सोपवली जातात.

कराओकेबद्दल थोडक्यात सांगतो. एकटेपणावर ते फार मोठं औषध आहे आणि गाणाऱ्यांचा आनंद खरा आहे. पण ट्रॅक इतका मोठा ठेवतात की गाणाऱ्याला स्वतःचा सूर लागला की नाही ते कळतच नाही, आणि मग ती कसर एको भरून काढतो. कॅफेतली मुलं यांच्यापेक्षा बरी, कारण गिटार आणि गळा यांचा तोल ती स्वतः ऐकून लावतात. उत्तनच्या लग्नांतल्या ब्रास बँडला तर यातलं काहीच लागत नाही. ट्रंपेटला कुणाचा आधार नको.

बेंजोची गोष्ट वेगळी आहे, आणि तिच्याजवळ मला थांबायचं आहे. आगरी-कोळी हळदीत बेंजो नसेल तर हळद लागल्यासारखी वाटत नाही. हे वाद्य मुळात जपानचं. 1912 च्या सुमारास नागोयात गोरो मोरिता यांनी तारांवर टाइपरायटरसारखी बटणं बसवून ते घडवलं. आपल्याकडे ते बुलबुल तरंग झालं आणि मुंबई-कोकणच्या रस्त्यावर बेंजो. त्याचा स्वतःचा आवाज खोलीपुरता. पिकअप लागला, हातगाडीवर अँप्लिफायर आणि भोंगे चढले, तेव्हा कुठे ते वरातीचं वाद्य झालं. भजनात अँप्लिफायर मदतनीस असतो, बेंजोत तो वाद्याचाच भाग आहे. भोंगा खर्ज जवळजवळ खातो आणि मधला पट्टा पुढे ढकलतो. गल्लीच्या तोंडाशीच ओळखू येणारी ती धारदार, किंचित अनुनासिक हाक त्यातूनच तयार झाली. आज भोंग्यांच्या जागी मोठे बेसचे खोके आले, ऑक्टोपॅडचे ठोके वाढले आणि बेंजोची तार त्याखाली गाडली गेली. परवा काशीमिऱ्याच्या एका हळदीत वादकाची बोटं बटणांवर विजेसारखी फिरत होती, आणि तीन हातांवर उभं राहूनही मला तारेचा एक सूर ऐकू आला नाही. वादकाचं कसब उतरलेलं नाही. त्याच्या आवाजाला राखीव जागा उरलेली नाही, आणि ही हानी मला शिट्टीपेक्षा किती तरी मोठी वाटते.

कायद्याची चर्चा आपण नेहमी रात्री दहाच्या मर्यादेपाशी थांबवतो. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे. आपल्याकडे एका इमारतीची खिडकी दुसरीच्या गॅलरीत उघडते, आणि त्यामागे आजारी माणूस असतो, दहावीची मुलगी असते. श्रोत्यांच्या जवळ, त्यांच्याकडे तोंड करून ठेवलेला लहान खोका कमी आवाजात काम भागवतो आणि शेजाऱ्याच्या घरात कमी घुसतो. चांगलं ऐकू येणं आणि शेजारधर्म पाळणं यांत निवड करायची वेळ निदान इथे तरी येत नाही.

ऐकत ऐकत गाणं कसं असतं, हे पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये भजन गाणाऱ्या मंडळींकडून शिकता येईल. त्यांच्याकडे टाळ, कधी ढोलकी, नाहीतर डब्याचा पत्रा. चाकांच्या खडखडाटात एकमेकांचं ऐकत, एकमेकांच्या आवाजात आवाज मिळवत ते बोरिवलीच्या पुढेही लय सोडत नाहीत. कान उघडा असल्याशिवाय तिथे टिकताच येत नाही. हाच कान खोक्यासमोर बसताना का मिटावा?

त्या सोसायटीत मी अलीकडे पुन्हा गेलो होतो. भजनाआधी आता अर्धा तास मंडळ जमतं. एक ताई गातात, बाकीचे उठून मागच्या खांबापाशी जाऊन ऐकतात आणि तिथून हाताने खुणा करतात: पेटी थोडी कमी, शब्द थोडे वर. मग दुसऱ्या ताई गातात आणि पहिल्या ऐकायला जातात. स्टूल ठेवायची जागा त्यांनी फरशीवर पिवळ्या रंगाने आखून घेतली आहे, गाड्यांच्या पट्ट्यांच्या शेजारीच. गुरुवारी संध्याकाळी त्या चौकोनावर कुणी गाडी लावत नाही.