साठी, बुद्धी आणि अंगठा

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपण सर्वजण सहज वापरतो. ऑक्टोबर २००१ मध्ये तिला एक विज्ञानासारखे दिसणारे रूप मिळाले. मार्क प्रेन्स्की या अमेरिकन लेखकाने त्या महिन्यात एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. संगणकाच्या युगात जन्मलेली मुले ही त्या युगाची ‘मूळ रहिवासी’ आणि त्याआधी जन्मलेले सारे ‘स्थलांतरित’, अशी विभागणी त्याने केली. स्थलांतरिताने नवी भाषा कितीही शिकली तरी त्याच्या बोलण्यातला जुना हेल जात नाही, तसेच या वडीलधाऱ्यांचे होते, असे त्याचे म्हणणे. उपमा आकर्षक आहे, आणि म्हणूनच ती शिक्षकांच्या प्रशिक्षणवर्गांपर्यंत पोचली. परंतु उपमा म्हणजे पुरावा नव्हे. बेनेट, मेटन आणि केर्विन या ऑस्ट्रेलियातील अभ्यासकांनी २००८ मध्ये उपलब्ध पुरावे तपासले, तेव्हा या सिद्धान्ताला पुरेसा आधार नाही, असेच त्यांना दिसले.

आपल्याकडचा दाखला हवा असेल तर ‘असर’चा २०२३ चा अहवाल पाहावा. त्यात १४ ते १८ वर्षे वयाच्या ग्रामीण मुलामुलींना स्मार्टफोनवर काही साधी कामे करायला दिली होती. ज्यांना चाचणीसाठी फोन आणता आला, त्यांच्यातील सुमारे ८० टक्क्यांना सांगितलेली चित्रफीत शोधता आली. ठरावीक वेळेचा गजर लावणे सुमारे दोन तृतीयांश जणांना जमले. नकाशावरून एका ठिकाणाहून दुसरीकडे जायला किती वेळ लागेल हे मात्र एक तृतीयांशाहून थोड्या अधिक जणांनाच सांगता आले. म्हणजे ‘मूळ रहिवाशां’नाही आपल्या मुलखातल्या सगळ्या वाटा माहीत नाहीत. वापराने जे हाताशी येते ते येते, बाकीचे शिकवावेच लागते.

आता आमच्या मुख्य मुद्द्याकडे वळू. समजा, एकाच दिवशी २५ वर्षांच्या आणि ७५ वर्षांच्या माणसांची एकच परीक्षा घेतली आणि दुसऱ्या गटाला गुण कमी पडले. हा फरक वयाचा की पिढीचा? वॉर्नर शाय या मानसशास्त्रज्ञाने १९५६ मध्ये अमेरिकेतील सिएटल येथे हा प्रश्न हाती घेतला आणि त्याच माणसांची दर सात वर्षांनी पुन्हा परीक्षा घेण्याचा क्रम अनेक दशके चालवला. वेगवेगळ्या वयाच्या माणसांची एकाच वेळी तुलना केली असता बुद्धीचा ऱ्हास फार लवकर सुरू झाल्यासारखा दिसे. तीच माणसे वर्षानुवर्षे पाहत गेल्यावर बहुतेक क्षमतांमध्ये साठीपर्यंत म्हणण्याजोगी घट आढळली नाही. म्हातारपणाच्या खात्यावर मांडलेला फरक बराचसा शिक्षणाचा आणि जन्मकाळाचा होता. काहीच घटत नाही, असे मात्र कोणी समजू नये. विचाराचा वेग मंदावतो, एका वेळी चार गोष्टी ध्यानात ठेवणे अवघड जाते, नवे शिकायला अधिक आवर्तने लागतात. पण ‘सावकाश शिकतो’ आणि ‘शिकूच शकत नाही’ ही दोन वेगळी विधाने आहेत.

हीच कसोटी भोर आणि वेल्हे या डोंगरी तालुक्यांना लावून पाहू. (वेल्ह्याचे नाव आता राजगड तालुका झाले आहे, पण बोलण्यात अजून वेल्हेच आहे.) इथल्या वाडीवरची पंचाहत्तरीची आजी १९५० च्या आसपास जन्मली. १९६१ च्या जनगणनेत भारतातील स्त्रियांचे साक्षरतेचे प्रमाण १५ टक्क्यांच्या थोडे वर होते, आणि डोंगराआडच्या वाडीतल्या मुलीला त्या पंधरातही जागा मिळणे कठीण होते. आज ती मोबाइलवरचा मजकूर वाचू शकत नाही याचे कारण तिचे वय ७५ आहे हे नाही. ती दहा वर्षांची असताना तिला शाळा मिळाली नाही, हे आहे. तिच्याच वयाच्या निवृत्त शिक्षिका हयातीचा दाखला फोनवरून भरू शकतात. वय दोघींचे सारखेच आहे.

मराठीत निरक्षराला ‘अंगठेबहाद्दर’ म्हणून हिणवण्याची रीत आहे. काळाचा खेळ असा की, आज सर्वांनाच अंगठा द्यावा लागतो आणि नेमका त्या आजीचाच अंगठा यंत्राला ओळखू येत नाही. बोटावरच्या रेषा एकमेकींपासून साधारण अर्ध्या मिलिमीटरवर असतात. चिखलात भाताची लावणी, दगडमाती उचलणे, राखेने भांडी घासणे यांनी त्या झिजतात. त्यांचा आराखडा त्वचेच्या खालच्या थरात असल्याने त्या पुन्हा उगवतात, पण रोज झिजणाऱ्या बोटाला तेवढी उसंत मिळत नाही. शिवाय वयाप्रमाणे त्वचा कोरडी होते, तिची लवचीकता जाते. प्रकाशावर चालणाऱ्या यंत्रात काचेच्या आतल्या पृष्ठभागावरून प्रकाशाचे पूर्ण परावर्तन होत असते. जिथे रेषेचा उंचवटा काचेला नीट चिकटतो तिथेच ते बिघडते आणि तेवढा भाग काळा उमटतो. कोरडा, झिजलेला उंचवटा नीट चिकटत नाही, म्हणून ठसा तुटक येतो. ‘आजी, नीट दाबा’ या सूचनेने त्यात फारसा फरक पडत नाही.

रेशनच्या दुकानात याची किंमत धान्यात मोजली जाते. शिधापत्रिकेवरील दुसऱ्या कोणाचा अंगठा चालतो, हे खरे. पण मुले पुण्या-मुंबईला गेलेली आणि घरी एकटे म्हातारे माणूस, अशी घरे या दोन तालुक्यांत थोडी नाहीत. फोनवर येणाऱ्या आकड्यांची सोय असते, पण नोंदवलेला फोन बहुधा मुलाच्या खिशात, पुण्यात असतो. निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला संगणकावरून देण्याची ‘जीवन प्रमाण’ योजना नोव्हेंबर २०१४ मध्ये सुरू झाली. चेहरा पाहून ओळख पटवण्याची सोय तिच्यात आली ती नोव्हेंबर २०२१ मध्ये. सात वर्षे मध्ये गेली! या काळात ज्यांचे बोट उमटले नाही त्यांनी काही नवे शिकायचे राहिले होते असे आम्हाला वाटत नाही. शिकायचे होते ते यंत्र बनवणाऱ्यांना.

फोनच्या पडद्याचीही तीच गत. हा पडदा दाब मोजत नाही. बोट टेकल्याने विद्युतधारितेत होणारा बदल तो मोजतो. कोरड्या, घट्टे पडलेल्या बोटाने हा बदल कमी होतो आणि पडदा गप्प राहतो. मग माणूस, आयुष्यभर खटके आणि बटणे दाबली असल्याने, अधिक जोराने आणि अधिक वेळ दाबतो. लांब दाबणे हा मात्र फोनच्या भाषेत वेगळाच हुकूम असतो. भलतेच काही उघडते, आणि नातू हसतो.

या पिढीला तंत्र कळत नाही म्हणणाऱ्यांनी भातखाचरात उतरून पाहावे. डॉ. नारायण सावंत यांची चारसूत्री भातशेती कृषी खात्याने भातपट्ट्यात शिकवली. तिच्यात खुणांच्या दोरीने १५ आणि २५ सेंटिमीटर अंतरे आलटूनपालटून धरून लावणी करायची असते. मग दर चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची २.७ ग्रॅमची एक गोळी सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचायची. खत वाहत्या पाण्याबरोबर जाऊ नये म्हणून हा खटाटोप. ज्यांनी आपली रीत सोडून हे केले ते आज साठी-सत्तरीत आहेत. मुंबईच्या गिरण्यांत साचेखात्यात आयुष्य काढून गावी परतलेल्यांबद्दल तर बोलायलाच नको. फक्त ज्याला काचेचा पडदा आहे त्यालाच आपण तंत्रज्ञान म्हणू लागलो आहोत.

‘आजी-आजोबांना मोबाइल शिकवा’ हा शाळाशाळांतून दिला जाणारा प्रकल्प आम्हाला म्हणूनच अपुरा वाटतो. त्यात हेतू चांगला असतो, पण उत्तर आधीच ठरलेले असते: ज्ञान नातवाकडे, अज्ञान आजीकडे. त्याऐवजी मुलांना मोजायला लावावे. शाईच्या पॅडवर घरातल्या प्रत्येकाच्या अंगठ्याचा ठसा घ्यावा (आणि पाहून झाल्यावर तो कागद फाडून टाकावा). पट्टी घेऊन, बारीक अक्षर डोळ्यांच्या किती जवळ आणेपर्यंत स्पष्ट दिसते ते अंतर मोजावे, चष्मा असल्यास काढून. दहा वर्षांच्या मुलाला ते सुमारे सात-आठ सेंटिमीटर येते. साठीत ते मीटरभर होते, म्हणजे हात लांब केला तरी पुरत नाही. नोंदवहीत नुसता वयाचा रकाना ठेवू नये. शेजारी ‘शाळेत किती वर्षे’ आणि ‘हाताने काय काम केले’ असे दोन रकाने आखावेत. मग फोनवरचे एकच काम सगळ्यांना द्यावे, चुका आणि वेळ टिपावा आणि तिन्ही रकान्यांपैकी कोणाशी निकाल अधिक जुळतो ते मुलांनाच शोधू द्यावे.