निसीम इझिकेल आणि आपण

उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकविणाऱ्याने इंग्रजीत लिहिणाऱ्या ज्यू कवीवर मराठीत लिहावे, याचे कोणाला नवल वाटेल. आम्हाला वाटत नाही. माळशिरससारख्या गावी घरात दखनी, वर्गात उर्दू, बाजारात मराठी आणि अर्जावर इंग्रजी असा आमचा दिवस जातो. यातली तुमची भाषा कोणती, हा प्रश्न मुस्लिम मराठी लेखकाला हटकून विचारला जातो. निसीम इझिकेल यांनाही तो चुकला नाही.

१६ डिसेंबर १९२४ रोजी मुंबईत एका बेने इस्राएल कुटुंबात त्यांचा जन्म झाला. हा समाज मूळचा कोकणातला. तेलाचे घाणे चालविणारा आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारा, म्हणून 'शनवार तेली'. बोली मराठी, आडनावे पेणकर, नवगावकर अशी गावावरून पडलेली. बायबलातील कथांवर मराठीत कीर्तने करण्याचीही त्यांची रीत. कोकणी मुसलमानांशी ताडून पाहावे, इतके हे साम्य जवळचे आहे. इझिकेल यांचे वडील मात्र वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक, आई शाळा चालविणारी. घरात वावर इंग्रजीचा. कविता त्याच भाषेत आली. पुढे वृंदा नाबर यांच्या सोबतीने त्यांनी इंदिरा संतांच्या कविता इंग्रजीत नेल्या (१९७४). मराठीचे ऋण त्यांनी असे वळसा घालून फेडले, असे आम्ही समजतो.

१९४८ साली ते लंडनला गेले आणि १९५२ मध्ये पहिला संग्रह छापून त्याच वर्षी मालवाहू जहाजाचा डेक घासत परत आले. मिठीबाई कॉलेजात १९६१ पासून इंग्रजीचे प्राध्यापक, १९६७ मध्ये शिकागोला पाहुणे अध्यापक, नंतर १९८५ पर्यंत मुंबई विद्यापीठात अमेरिकन साहित्याचे अध्यापन. साहित्य अकादमी १९८३, पद्मश्री १९८८. अखेरची वर्षे स्मृतिभ्रंशात गेली. ९ जानेवारी २००४ रोजी ते वारले. श्रीनगरचा आगा शाहिद अली १९७६ मध्ये अमेरिकेला गेला, तिथेच प्राध्यापक झाला आणि उर्दू गझलेचे काफिया-रदीफ त्याने इंग्रजीत रुजविले. इझिकेल अमेरिकन कवी शिकवीत मुंबईतच राहिले.

त्यांची 'बॅकग्राउंड, कॅज्युअली' ही आत्मचरित्रपर कविता आपल्या लोकांनी जरूर वाचावी. मिशनरी शाळेतला एकटा ज्यू मुलगा. ख्रिस्ताला मारल्याचा आरोप तो ऐकतो आणि त्याच वर्षी बायबलचे बक्षीसही मिळवतो. त्याच्या कानाखाली वाजविणारा खेळाडू मुलगा मुसलमान आहे. हा तपशील वाचताना आम्ही थबकलो. मार खाणाऱ्याच्या बाजूने लिहिण्याची आपल्या साहित्याला सवय आहे आणि त्याला कारणेही आहेत. पण वर्गात आपल्याहून थोडा असलेला कोणी बसलेला असेल आणि हात आपल्या मुलाचा असेल, तर? इझिकेल हे एका ओळीत सांगून पुढे जातात. तक्रार करीत नाहीत, माफही करीत नाहीत.

त्याच कवितेत ते हिंदू मुलांच्या इंग्रजीतली अव्यये नेहमी चुकत, असेही नोंदवतात. मार खाणारा मुलगाही कोणाच्या तरी व्याकरणाला हसतोच. इथे आमचा त्यांच्याशी वाद आहे.

'गुडबाय पार्टी फॉर मिस पुष्पा टी. एस.' ही त्यांची गाजलेली कविता. परदेशी निघालेल्या सहकारी बाईंच्या निरोपाला एक गृहस्थ मोडक्या इंग्रजीत भाषण करतात, मुद्दा सोडून सुरतेपर्यंत भटकून येतात. आमच्या शिक्षकांच्या निरोपसमारंभात हेच भाषण दर वर्षी होते, म्हणून प्रथम आम्ही खळखळून हसलो. मग शरम वाटली. बी.एड.च्या वर्गात पाठ घेताना आम्ही 'माझी पुस्तक' म्हणून गेलो होतो आणि सारा वर्ग असाच हसला होता. उर्दूत नपुंसकलिंग नाही आणि किताब स्त्रीलिंगी. चूक कुठून आली हे उघड आहे. आमची मुले आजही तीच चूक करतात आणि वही तपासताना, खरे सांगायचे तर, आम्हीही हसतो.

या कवितेत उपहास नसून माया आहे, असे तिचे चाहते म्हणतात. माया आहे, हे आम्हालाही मान्य. भाषण भरकटते ते आपुलकीनेच. पण त्या गृहस्थांना कवीने चुकलेल्या वाक्यांपलीकडे दुसरे काही दिलेले नाही. ज्याला शुद्ध इंग्रजी येते त्यालाच ही कविता हसवते; ज्याचे भाषण आहे तो ती वाचणारच नाही, हे तिने गृहीत धरले आहे.

याच कवीने आधी 'नाइट ऑफ द स्कॉर्पियन' लिहिली होती, म्हणून हे अधिक सलते. १९६५ च्या संग्रहातली ही कविता अनेकांनी शाळेच्या पुस्तकात वाचली असेल. आईला विंचू चावतो. कंदील घेऊन शेजारी येतात, मागच्या जन्मीच्या पापाचे बोलतात. बुद्धिवादी बापही अखेर मंत्र, पाला, पूड सारे करून पाहतो. उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्याला ही रात्र समजावून सांगावी लागत नाही. इथे कवी शेजाऱ्यांना हसत नाही, बापालाही नाही. सारे एकाच खोलीत, एकाच भीतीत बसलेले आहेत. शेजाऱ्यांचे बोलणे तो इतक्या आदराने लयीत धरतो की, ते प्रार्थनेसारखे ऐकू येते. मिस पुष्पांच्या सभेला त्याने असा कान दिला असता तर!

'बॅकग्राउंड'च्या शेवटी कवी कबुली देतो की, काही लोक दूरच्या मागास जागी आयुष्य वाहतात. आपली मागास जागा म्हणजे आपण आहोत तीच. वृत्ती आम्हाला पटते, शब्द खटकतो. मुंबईला मागास म्हणणाऱ्या माणसाने जून महिन्यात आमच्या शाळेचे छप्पर पाहिले नव्हते.