‘मूर्खपणा’ची शिफारस करणारं एक पान

पीएचडीला जायचं ठरवलं की कोणीतरी सिनियर तुम्हाला एक लेख पाठवतोच. मार्टिन श्वार्ट्झ यांचा ‘द इम्पॉर्टन्स ऑफ स्टुपिडिटी इन सायंटिफिक रिसर्च’. 2008 साली ‘जर्नल ऑफ सेल सायन्स’मध्ये आलेला, जेमतेम पानभराचा. आलेख नाहीत, तक्ते नाहीत, चहा गार व्हायच्या आत वाचून होतो. अजून वाचला नसेल तर जरूर वाचा. पण वाचून झाल्यावर त्याच्याशी थोडं भांडा. ज्या भक्तिभावाने तो फॉरवर्ड होतो, तितका तो निर्दोष नाही.

श्वार्ट्झना बऱ्याच वर्षांनी एक मैत्रीण भेटते. दोघं एकाच काळात पीएचडी करत होते. तिने ती अर्धवट सोडली, हार्वर्डला जाऊन कायदा शिकली आणि पुढे पर्यावरणाच्या एका मोठ्या संस्थेची वरिष्ठ वकील झाली. का सोडलीस, असं विचारल्यावर ती म्हणते की तिथे तिला सतत मूर्ख असल्यासारखं वाटायचं. श्वार्ट्झ चक्रावतात, कारण त्यांनाही तसंच वाटत आलंय. किंबहुना ज्याचं उत्तर अजून कोणालाच ठाऊक नाही, अशा प्रश्नावर काम करायचं तर तसं वाटणारच, असं त्यांचं म्हणणं.

इथपर्यंत लेख अगदी बरोबर आहे, आणि आपल्याकडे तर जास्तच. आपण संशोधनात शिरतो तेच मुळी उत्तरं पाठ असल्याच्या जोरावर. नेटचा पेपर घ्या : तीन तास, 200 गुण, आणि प्रत्येक प्रश्नाचं उत्तर कुठल्यातरी पुस्तकात आहेच. ती परीक्षा काढून तुम्ही लॅबमध्ये येता आणि सहा महिन्यांत कळतं, की समोरच्या प्रश्नाला चार पर्यायच नाहीत. हा धक्का येणार आहे हे आधीच सांगितल्याबद्दल श्वार्ट्झचे आभार मानायलाच हवेत.

माझी पहिली तक्रार शब्दाबद्दल आहे. मराठीत आपल्याकडे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘माहीत नसणं’ एक आणि ‘ढ असणं’ दुसरी. माहीत नसणं ही अवस्था आहे, ढ हा शिक्का आहे. तो दुसऱ्याने मारायचा असतो, बहुतेक वेळा वर्गात सगळ्यांसमोर. श्वार्ट्झ एकाच इंग्रजी शब्दात दोन्ही भरतात. वर्गातल्या इतरांच्या तुलनेत कमी पडणं मला अभिप्रेत नाही, असा खुलासा ते करतात खरा, पण तो एका फटक्यात उरकतात. अडचण अशी की आतून दोन्ही सारखंच जाणवतं. ज्याचं शिक्षण बारावीपर्यंत मराठीतून झालं आणि ज्याला पहिल्याच जर्नल क्लबमध्ये कोणीतरी उच्चारावरून टोकलं, त्याला वाटणारा ‘मूर्खपणा’ संशोधनाच्या अथांगपणातून आलेला नसतो. त्याला हा लेख पाठवणं म्हणजे ताप आलेल्याला योगाचे फायदे सांगणं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. लेखाचा कणा असलेला प्रसंग आठवा. तिसऱ्या वर्षात श्वार्ट्झ एका अडचणीत अडकतात, विभागातल्या तज्ज्ञ प्राध्यापकांच्या मागे लागतात, आणि एक दिवस हेन्री टाउब त्यांना सांगतात की याचं उत्तर मलाही माहीत नाही. टाउब म्हणजे ज्यांना दोनच वर्षांनी, 1983 मध्ये, रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं ते. त्यांनाच माहीत नाही म्हणजे कोणालाच माहीत नाही, म्हणजे हा खरा संशोधनाचा प्रश्न आहे आणि तो आपणच सोडवायचा, हे श्वार्ट्झना उमगतं. मग तो दोनेक दिवसांत सुटतोही. (दोन दिवसांत! हे वाचून तुमचा प्रश्न दोन वर्षं सुटला नाही तर घाबरू नका.)

श्वार्ट्झ या प्रसंगातून विद्यार्थ्याने काय शिकावं ते सांगतात. मला मात्र यातला नायक टाउब वाटतात. विद्यार्थी त्यांचं दार वाजवू शकला, आणि ते सरळ ‘माहीत नाही’ म्हणाले. या दोन्ही गोष्टी घडल्या नसत्या तर त्या विद्यार्थ्याने गृहीत धरलं असतं, की उत्तर कुठेतरी आहेच, फक्त मलाच सापडत नाही. आपल्या कितीतरी विभागांत विद्यार्थी नेमकं हेच गृहीत धरून वर्षं काढतो. दुसऱ्या गाईडकडे शंका विचारायला गेला तर स्वतःचा गाईड नाराज होतो. सहा महिन्यांनी सल्लागार समितीपुढे प्रगती दाखवायची असते, आणि त्या अहवालात ‘अजून काही कळलेलं नाही’ लिहायला रकाना नसतो. फेलोशिप पाच वर्षांची. 2023 पासून जेआरएफला महिना 37,000 रुपये मिळतात, पण ते दरमहा हातात पडतील याची खात्री सगळीकडे नाही. निवांतपणे अज्ञानात चाचपडायला वेळ लागतो, आणि तो वेळ कोणीतरी द्यावा लागतो. लेख ही जबाबदारी जवळजवळ सगळी मनोवृत्तीवर टाकतो. पीएचडीचे कार्यक्रम विद्यार्थ्यांना यासाठी तयार करत नाहीत, असं ते म्हणतात. पण उपाय पुन्हा विद्यार्थ्याच्या डोक्यातच शोधतात.

आणि ती मैत्रीण? तिचं एक वाक्य लेखाला सुरुवात म्हणून मिळतं, मग ती गायब. तिला तसं नेमकं कशामुळे वाटलं? प्रश्न अवघड होता म्हणून, की लॅबमध्ये कोणी तिचं ऐकत नव्हतं म्हणून? टिकून राहिलेल्या माणसाने सोडून गेलेल्या माणसाची गोष्ट सांगितली की असं होतं. तिने लिहिलेला पानभर मजकूर मला जास्त आवडीने वाचायला आवडला असता.

तुम्ही येत्या महिन्यांत मुलाखतींना जाल तेव्हा शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचंय का?’ असं बहुतेक विचारतात. तिथे विचारा : सर, किंवा मॅडम, या विषयातलं तुम्हालाही अजून न उलगडलेलं काय आहे? चेहरा खुलला आणि दहा मिनिटं बोलत बसले तर चांगलं लक्षण. ‘आधी बेसिक्स वाचून या’ असं उत्तर आलं, तर बाहेर पडल्यावर त्याच लॅबमधल्या चौथ्या वर्षाच्या कोणालातरी कॅन्टीनमध्ये गाठा आणि एवढंच विचारा, की ग्रुप मीटिंगमध्ये शेवटचं ‘माहीत नाही’ कोण म्हणालं होतं, आणि पुढे काय झालं.